सोसायटीतला ‘लोड’ कोणी संपवला? घरच्या चार्जरची निवड आणि हक्काचा प्रश्न

इलेक्ट्रिक गाडी घेतली की पहिला प्रश्न येतो तो चार्जरचा. कोणत्या कंपनीचा घ्यावा, किती किलोवॅटचा घ्यावा, अ‍ॅप कसे आहे, वॉरंटी किती आहे, याची माहिती इंटरनेटवर ढिगाने मिळते. पण ही माहिती बहुतेक करून इंग्लंड-अमेरिकेतल्या स्वतंत्र घरात राहणाऱ्या माणसासाठी लिहिलेली असते. त्याच्या घरापुढे त्याची स्वतःची गाडी लावायची जागा असते आणि भिंतीवर काय ठोकायचे हे विचारायला त्याला कोणाच्या दारात जावे लागत नाही. आपल्याकडे शहरात बरीच कुटुंबे सहकारी गृहनिर्माण संस्थेत राहतात. मीटर तळमजल्यावरच्या मीटर रूममध्ये, गाडी स्टिल्टमध्ये किंवा उघड्यावर, आणि मधली भिंत सर्वांची. त्यामुळे घरचा चार्जर ही एकट्या घराची बाब राहत नाही. इमारतीत येणारी वीज कोणाच्या वाट्याला किती, हा प्रश्न त्यात पहिल्या दिवसापासून असतो. तो बाजूला ठेवून केलेली चार्जरची निवड अर्धवट ठरते, असे आमचे स्पष्ट मत आहे. गेल्या दीड वर्षात आम्ही जे पाहिले, वाचले आणि भांडलो त्यावरून ते इथे मांडत आहोत.

आम्ही म्हणजे आम्ही नवरा-बायको. दोघेही वस्त्यांमध्ये शिक्षण आणि आरोग्याच्या प्रश्नांवर काम करतो, पिंपरी-चिंचवडमध्ये छत्तीस फ्लॅटच्या एका सोसायटीत राहतो. आम्ही सेकंडहँड इलेक्ट्रिक हॅचबॅक घेतली तेव्हा चळवळीतल्याच काही मित्रांनी विचारले, सामाजिक काम करणाऱ्यांना गाडी कशाला? ज्या वस्त्यांमध्ये आम्ही जातो तिथली शेवटची बस मीटिंग संपायच्या आधी निघून गेलेली असते, हे याचे साधे उत्तर. दुसरे उत्तर असे की आपल्या कार्यकर्त्याने कायम पायीच फिरले पाहिजे, या अपेक्षेचाही एकदा विचार झाला पाहिजे. असो. मुद्दा गाडीचा नसून चार्जरचा आहे.

चार्जर म्हणजे नेमके काय?

भिंतीवर लावतो त्या पेटीला आपण चार्जर म्हणतो, पण घरगुती एसी चार्जिंगमध्ये खरा चार्जर गाडीच्या आत असतो. एसी विजेचे डीसी करून बॅटरीत भरण्याचे काम तो करतो. भिंतीवरची पेटी सुरक्षितपणे वीज सोडते, बंद करते आणि गाडीला सांगते की तू जास्तीत जास्त एवढे अँपिअर घेऊ शकतेस. म्हणून गाडीतला चार्जर ३.३ किलोवॅटचा असेल तर भिंतीवर ७.२ किलोवॅटची महागडी पेटी लावूनही गाडी लवकर भरणार नाही. विक्रेता हे आपणहून सांगेलच असे नाही. पेटी घेण्याआधी गाडीच्या कागदपत्रांत हा आकडा बघा.

साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर साधारण ३.३ किलोवॅटने गाडी भरते. २४ युनिटांची बॅटरी रिकामीची पूर्ण भरायला सात-आठ तास लागतात. ३२ अँपिअरच्या पेटीवर आणि तेवढी वीज घेऊ शकणाऱ्या गाडीत हेच काम साडेतीन-चार तासांत होते. पण रोज रिकामीची पूर्ण कोण भरतो? आमची गाडी महिन्याला १,२०० किलोमीटरच्या आसपास चालते, म्हणजे दिवसाला चाळीस. एका युनिटला सात किलोमीटर धरले आणि चार्जिंगमधली गळती मिळवली तर रोजची गरज साडेसहा युनिटांची. १६ अँपिअरवर हे दोन तासांपेक्षा कमी वेळात भरते आणि गाडी तर रात्रभर उभीच असते. हा हिशेब पुढे फार उपयोगी पडला.

सुरक्षिततेत मात्र काटकसर करू नये. चार्जरला स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी हवा. पार्किंग मीटर रूमपासून चाळीस मीटरवर असेल तर ३२ अँपिअरसाठी ६ चौरस मिलिमीटरऐवजी १० चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल घ्यावी, नाहीतर व्होल्टेज पडते. अर्थिंग नीट मोजून घ्यावे. गाडीच्या चार्जिंगमध्ये डीसी गळतीची शक्यता असते आणि ती साध्या एसी टाइपच्या आरसीसीबीला ओळखता येत नाही. म्हणून पेटीतच ६ मिलीअँपिअर डीसी गळती ओळखण्याची सोय आणि बाहेर टाइप ए आरसीसीबी, किंवा मग सरळ टाइप बी लावावा. खिडकीतून खाली सोडलेली एक्स्टेन्शनची वायर हा जिवाशी खेळ आहे. पण लोक ती का सोडतात? बऱ्याचदा त्यांना रीतसर वायर ओढायची परवानगी मिळत नाही म्हणून. नियम नाकारून बेकायदेशीरपणा वाढवायचा आणि मग त्याच बेकायदेशीरपणाकडे बोट दाखवून पुन्हा परवानगी नाकारायची, ही पद्धत आपल्या समाजाला नवी नाही.

‘लोड संपला’

आम्ही सोसायटीकडे अर्ज केला. वायर, पाइप, एमसीबी, अर्थिंग, सगळा खर्च आमचा. वीज आमच्या मीटरची. उत्तर तोंडी आले : लोड संपला. आमच्या आधी तीन जणांनी ७.२ किलोवॅटचे चार्जर लावलेले होते. तिघांचीही पार्किंग स्टिल्टमध्ये, तिघांनाही परवानगी तोंडी मिळालेली. चौथ्याची वेळ आली तेव्हा आगीचा धोका आठवला, लिफ्टचा लोड आठवला, आणि ‘उद्या सगळेच मागतील’ हे शेवटचे कारणही आठवले.

या तिसऱ्या कारणावर आम्ही थांबलो. उद्या सगळे मागतील, यात वाईट काय? सगळ्यांना मिळण्याजोगी व्यवस्था करायची की जे आधी आले त्यांच्यापुरते दार उघडून बंद करायचे, एवढाच प्रश्न आहे. समाजशास्त्र शिकताना आम्ही संसाधनांच्या वाटपाबद्दल पुष्कळ वाचले. पार्किंगमध्ये उभे राहिले की तेच डोळ्यांसमोर दिसते. स्टिल्टमध्ये पार्किंग असलेले, उघड्यावर पार्किंग असलेले, पार्किंग नसलेले, भाडेकरू आणि सर्वांत शेवटी वॉचमन. प्रत्येक पायरीवरच्या माणसाला आपल्या खालच्यापेक्षा थोडे जास्त मिळालेले असते, म्हणून तो वरच्याला जाब विचारत नाही. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमतेचे विश्लेषण जातिव्यवस्थेसंदर्भात केले. जातीच्या जखमेची बरोबरी पार्किंगशी कोणी करू नये, आम्हीही करत नाही. पण समाजाला लागलेली ही सवय इमारतीत राहायला आल्यावर गावी राहत नाही, ती सामानाबरोबर वर चढते.

कमिटीच्या बैठकीत एका सभासदाने विचारले, “तुम्हा लोकांना प्रत्येक गोष्टीत हक्कच कसा काय दिसतो?” ‘तुम्हा लोकांना’ म्हणजे कोणाला, हे आमच्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही. आम्ही शांतपणे एवढेच म्हणालो की मेहेरबानी म्हणून दिलेली गोष्ट उद्या काढून घेता येते, म्हणून आम्ही हक्काबद्दल बोलतो. आणि मग कागद पुढे केले.

कागद काय सांगतात? केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने १३ एप्रिल २०१८ रोजीच स्पष्ट केले की बॅटरी चार्ज करणे ही विजेची विक्री नसून सेवा आहे आणि त्यासाठी वीज कायदा २००३ खाली परवाना लागत नाही. म्हणजे सोसायटीने सामाईक चार्जिंगची सोय करून सभासदांकडून वापराप्रमाणे पैसे घेतले तर परवान्याचा प्रश्न येत नाही. १४ जानेवारी २०२२ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत असे आहे की मालक आपल्या निवासस्थानी सध्याच्या वीजजोडणीवरून गाडी चार्ज करू शकतो. महाराष्ट्राच्या २०२१ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणाने नव्या निवासी प्रकल्पांत किमान २० टक्के पार्किंग चार्जिंगसाठी सज्ज ठेवायला आणि त्यातला काही भाग सामाईक पार्किंगमध्ये ठेवायला सांगितले. ‘सामाईक’ हा शब्द तिथे आहे, हे महत्त्वाचे.

दहा गाड्यांचा हिशेब

कागदापेक्षा हिशेबाने काम केले. दहा गाड्या एकाच वेळी ७.२ किलोवॅटने भरायच्या तर ७२ किलोवॅट लागतील. हा आकडा ऐकला की कमिटी घाबरते आणि लोड संपला म्हणते. पण दहा गाड्यांची रोजची गरज काढा. प्रत्येकी साडेसहा युनिट म्हणजे एकूण ६५ युनिट. रात्रीच्या आठ तासांत ६५ युनिट द्यायला सरासरी आठ-साडेआठ किलोवॅट पुरतात. ७२ कुठे आणि साडेआठ कुठे! लोड संपलेला नव्हता. तिघांनी तो आपल्या नावाने अडवून ठेवला होता आणि त्यातला बहुतेक रात्रभर वापरलाही जात नव्हता.

स्मार्ट चार्जरचा खरा उपयोग इथे आहे. एका लाइनीवरचे चार्जर एकमेकांशी जोडले की कोणत्या क्षणी किती गाड्या जोडलेल्या आहेत हे कंट्रोलर पाहतो आणि उपलब्ध वीज त्यांच्यात वाटतो. प्रमाणित एसी चार्जिंगमध्ये एका गाडीला कमीत कमी ६ अँपिअर द्यावे लागतात, म्हणजे सुमारे १.४ किलोवॅट. दहा गाड्या तीन फेजवर वाटून २० किलोवॅटच्या जोडणीवर बसवल्या, तर दहाच्या दहा एकदम लागल्या तरी प्रत्येकीला हे किमान मिळतेच. आठ तासांत साठ-सत्तर किलोमीटरची सोय होते. दोनच गाड्या असतील तर त्यांना पूर्ण वेग मिळतो. कोणाची गाडी किती मोठी आहे किंवा कोण आधी राहायला आला, हे यंत्र बघत नाही. उशिरा आलेल्यालाही वाटा मिळतो.

म्हणून आम्ही आमच्यापुरती परवानगी मागण्याचे सोडले आणि सर्वसाधारण सभेत ठराव मांडला : सोसायटीने चार्जिंगसाठी स्वतंत्र २० किलोवॅटची जोडणी घ्यावी, सर्व चार्जर त्यावर लोड वाटून चालावेत, उघड्यावर पार्किंग असलेल्यांसाठी आणि भाडेकरूंसाठी दोन सामाईक पॉइंट असावेत, आणि वॉचमन व घरकामाला येणाऱ्या महिलांच्या ई-स्कूटरसाठी गेटजवळ मीटर लावलेले एक सॉकेट असावे. शेवटच्या मुद्द्यावर सर्वांत जास्त वाद झाला, याचे आम्हाला आश्चर्य वाटले नाही. ठराव बहुमताने मंजूर झाला. आधीच्या तिघांपैकी दोघांनी चार्जर सामाईक लाइनीवर आणले. तिसऱ्यांनी अजून आणलेला नाही, त्यांच्याशी बोलणे चालू आहे. गेटजवळचे सॉकेट बसले आहे.

यंत्र कोणाचे ऐकते?

लोड वाटणारा चार्जर घ्यायचा म्हटल्यावर दुसरा धोका समोर येतो. ‘स्मार्ट’ म्हणजे इंटरनेटला जोडलेला, आणि इंटरनेटला जोडलेला म्हणजे बहुतेकदा कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून असलेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये एनेल एक्स वे या कंपनीने उत्तर अमेरिकेतला आपला व्यवसाय बंद केला. तिचे ज्यूसबॉक्स नावाचे चार्जर हजारो घरांच्या भिंतींवर होते. घरगुती पेट्या साधे चार्जिंग करत राहिल्या, पण ज्या अ‍ॅपसाठी लोकांनी जास्तीचे पैसे मोजले होते त्याला वाली उरला नाही. पेटी आपली, भिंत आपली आणि हुकूम दुसऱ्याचा, अशी ही मालकी.

ब्रिटनने याबाबत कायदा केला. तिथले स्मार्ट चार्ज पॉइंटचे नियम २०२१ चे आहेत आणि ३० जून २०२२ पासून लागू झाले. वीजपुरवठादार बदलला तरी चार्जरच्या स्मार्ट सोयी बंद पडता कामा नयेत, नेटवर्क गेले तरी गाडी चार्ज झाली पाहिजे, आणि आपण किती वीज वापरली हे मालकाला पाहता आले पाहिजे, असे त्यात आहे. आपल्याकडे ग्राहकाने हे प्रश्न स्वतः विचारायचे आहेत. आम्ही विक्रेत्याला चार प्रश्न विचारले. इंटरनेट बंद असताना आरएफआयडी कार्डाने किंवा नुसते प्लग लावून चार्जिंग सुरू होते का? लोड वाटण्याचे काम इमारतीतलाच कंट्रोलर करतो की दूरचा सर्व्हर? चार्जर ओसीपीपी हा खुला प्रोटोकॉल पाळतो का, म्हणजे उद्या कंपनी बदलली तरी पेटी तीच राहील? आणि आमच्या चार्जिंगच्या नोंदी कोणाकडे जातात?

चौथा प्रश्न काहींना फाजील वाटतो. पण चार्जिंगच्या वेळांवरून तुम्ही घरी कधी असता, रात्री किती वाजता परतता आणि किती दिवस बाहेरगावी असता, हे सहज कळते. मोर्चे-आंदोलनात असणाऱ्या माणसाने याचा विचार केलाच पाहिजे. अ‍ॅपला लोकेशन आणि संपर्क यादीची परवानगी देण्याचे काहीही कारण नाही. आम्ही दिलेली नाही.

रात्र की दिवस?

रात्री स्वस्त वीज, म्हणून रात्री चार्ज करा, असा सल्ला सर्वत्र दिसतो. तो जिथला आहे तिथे बरोबर असेल. महाराष्ट्रात १ जुलै २०२५ पासून महावितरणच्या टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत आहे, कारण दिवसा सौर वीज मुबलक असते. म्हणजे शेड्यूल लावताना परदेशी सल्ल्याची नक्कल उपयोगाची नाही, आपले बिल वाचावे लागते. इथेही प्रश्न उरतोच : सकाळी ९ ते ५ कोणाची गाडी घरी उभी असते? कामावर जाणाऱ्याची नसते. ज्या कष्टकऱ्याचे घर दिवसा बंद असते, त्याला दिवसाच्या सवलतीचा उपयोग किती? स्मार्ट मीटरवरून राज्यात झालेली आंदोलने आपल्याला ठाऊक आहेत, त्यात हा मुद्दाही घेतला पाहिजे. कामाच्या ठिकाणी चार्जिंगची सोय मागणे हे त्याचे एक उत्तर आहे.

दुसरी गोष्ट स्लॅबची. घरगुती दर शंभर, तीनशे आणि पाचशे युनिटांच्या टप्प्यांनी चढतात. आमच्या घराचा वापर १४० युनिटांच्या आसपास. गाडीचे १९० त्यात मिळवले की तीनशेचा टप्पा ओलांडला जातो आणि वरची युनिटे महाग पडतात. महावितरणमध्ये वाहन चार्जिंगसाठी दराचा वेगळा वर्ग आहे. सामाईक स्वतंत्र जोडणीचा हा आणखी एक फायदा, आणि सभेत ज्यांना न्यायाची भाषा पटली नाही त्यांना हा फायदा लगेच पटला!

वीज आणि बाबासाहेब

हे सगळे वाचून कोणी विचारेल, आंबेडकरी विचाराचा आणि चार्जरचा संबंध काय? संबंध आम्ही ओढून आणलेला नाही. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज हा विषय त्यांच्याकडे होता. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी धोरण समितीसमोर त्यांनी विजेचा प्रश्न मांडला तो मूठभरांच्या सोयीचा म्हणून नव्हे. देश दारिद्र्यातून बाहेर पडायचा तर उद्योगीकरण हवे, आणि त्यासाठी वीज मुबलक आणि स्वस्त हवी, अशी ती मांडणी होती. विजेचे नियोजन देशपातळीवर व्हावे म्हणून त्यांच्याच काळात सेंट्रल टेक्निकल पॉवर बोर्ड उभे राहिले. आपल्या संविधानात वीज समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघेही तिला उत्तरदायी आहेत. विजेच्या वाटपाचा प्रश्न आपला नाही असे म्हणणाऱ्याने हा इतिहास वाचावा.

आपल्या समाजातल्या बहुसंख्य लोकांकडे आजही चारचाकी नाही, याची आम्हाला जाणीव आहे. त्यांच्याकडे ई-रिक्षा आहे, हप्त्यावर घेतलेली डिलिव्हरीची स्कूटर आहे. त्यांचे चार्जिंग वस्तीतल्या एकाच सॉकेटवर, दुसऱ्याला पैसे मोजून होते. सोसायट्यांना मिळणारी सोय वस्तीत, रिक्षा स्टँडवर आणि बाजारात मिळाली पाहिजे, आणि तिथे तर फक्त ३.३ किलोवॅटचे साधे, मीटर लावलेले पॉइंट पुरतात. नगरसेवकाकडे समाजमंदिराच्या रंगरंगोटीबरोबर हीही मागणी गेली पाहिजे.

म्हणून मित्रांनो, चार्जर घेताना गाडीतल्या चार्जरचा आकडा बघा, अर्थिंग आणि डीसी गळतीचे संरक्षण बघा, इंटरनेटशिवाय चालतो का आणि खुला प्रोटोकॉल पाळतो का ते बघा. पण सर्वांत आधी तो दुसऱ्याबरोबर लोड वाटून घेऊ शकतो का, हे बघा. तुमच्या आधी कोणी दार बंद केले असेल तर लेखी अर्ज करा, लेखी उत्तर मागा, सर्वसाधारण सभेत हिशेब मांडा. आणि दार उघडले की तुमच्यामागून येणाऱ्यासाठी ते उघडे राहील, असा ठराव करूनच उठा.

जयभीम!